खांद्यावर दोर होता म्हणून

"आजून मेली न्हाई. इतक्यात कशाला आलास? हो तिकडं, बांधाच्या पल्याड उभा ऱ्हा."

पुढे टाकलेला पाय मी मागे घेतला. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याचीच मला जास्त लाज वाटते. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. गुरांच्या डॉक्टरकीची पदवी घेतलेला, सरकारी दवाखान्यात रुजू होऊन महिना झालेला. आणि एका माणसाने तोंड उघडल्याबरोबर माझा पाय आपोआप मागे गेला. त्या पायाला हे कोणी शिकवलं, ते मला विचारू नका.

नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. तिसगावच्या पुढे एक वस्ती. वाटेत सायकल पंक्चर झाली म्हणून मी उन्हातून पायीच आलो होतो. शर्ट पाठीला चिकटलेला, तोंड धुळीने भरलेलं, रंग जन्माचा काळा. खांद्यावर दोर, अडेल जनावर पाडायला लागतो तो. वस्तीचे मालक तात्या, पांढरीशुभ्र टोपी घालून गोठ्याच्या तोंडाशी उभे. त्यांनी एकदाच वर-खाली बघितलं आणि माझी जात, माझं काम, माझी उभं राहायची जागा, सगळं ठरवून टाकलं.

गाय आदल्या दिवशी व्यालेली. आडवी पडली होती, मान कुशीत वळलेली, कान गार. घरच्यांनी आशा सोडली होती. एक निरोप त्यांनी दवाखान्यात धाडला होता आणि दुसरा मेलेली जनावरं ओढून नेणाऱ्या माणसाकडे. तात्यांना मी तो दुसरा वाटलो.

"मी डॉक्टर आहे," मी म्हणालो. चांगली छाती काढून म्हणालो.

"आं? आवं सायेब, मग आदी सांगायचं न्हाई का!"

बाज आली. पाणी आलं. माणूस तोच, तोंडही तेच, आणि जिभेवर साखर. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम दुधात उतरतं आणि गाय अशी मढ्यासारखी पडते. मी बाटली कोमट करून घेतली, तात्यांच्या हातात उंच धरायला दिली आणि मानेच्या शिरेत सुई घातली. औषध हळूहळू सोडावं लागतं, घाई केली की काळीज बंद पडतं. मी एका हाताने ठोके बघत बसलो होतो. थोड्या वेळाने गाय थरथरली. शेण टाकलं. मग गुडघ्यांवर आली आणि उभी राहिली. घरातल्या बाया पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

तेवढ्यात बांधाच्या पलीकडे एक म्हातारा दिसला. खांद्यावर दोर. तो कधी आला कोण जाणे. पल्याड उभा राहा, असं त्याला सांगावं लागलं नव्हतं.

"जा रं माघारी, जगली ती," तात्या ओरडले. मग माझ्याकडे वळून हसले. "राग नका मानू सायेब. खांद्याव दोर बगितला, मला वाटलं त्योच आला."

मीही हसणार होतो. ओठ हललेसुद्धा. आणि मग माझं मलाच किळसवाणं वाटलं. माझ्या बापाने दीक्षा घेतली आणि ढोरं ओढायचं काम सोडलं. गावाने त्याचं दळण बंद केलं, दुकान बंद केलं, तरी तो हटला नाही. त्याचा शिकलेला पोरगा 'मी डॉक्टर आहे' म्हणाला, म्हणजे काय म्हणाला? असं मला बोलू नका, त्याला बोला. माझा अपमान मी अंगावरून काढून त्या म्हाताऱ्याच्या अंगावर टाकला होता.

चहाची कपबशी माझ्यापुढे आली. मी उठलो.

"बाबा, इकडं या. बसा."

"नको सायेब. मी हितंच बरा हाय."

"त्यान्ला वेगळं असतंय," तात्या हळूच म्हणाले. "तुमी घ्या."

"मग मलाही वेगळंच द्या, तात्या. आमचं घरही गावाबाहेर आहे. माझा बाप हेच काम करायचा. तुम्ही मला बरोबर ओळखलं होतंत. आत्ता माझी माफी मागितलीत ना? तीच यांची मागा."

तात्यांनी टोपी सारखी केली, खाली वाकून कपबशी स्वतःच उचलली आणि आत नेऊन ठेवली.

"डॉक्टर, औशीद झालं. निगा आता."

रस्त्यावर म्हातारा माझ्यावरच उखडला. "तुमी जाल बदलून. मला हितंच ऱ्हायचंय. कुनी सांगितलं हुतं तुमाला?"

त्याचं खरं होतं. माझ्या बोलण्याची किंमत पुढे त्याने कशी मोजली, मला ठाऊक नाही. त्याला न विचारता मी ती त्याच्यावर टाकली, हेही माझ्याच नावावर राहील. माझ्याविरुद्ध तक्रार मात्र पंधरा दिवसांत वर गेली: डॉक्टर उद्धट आहे.

आहे. तेव्हापासून कुणाच्याही दारात मी आधी हुद्दा सांगत नाही. मळक्या कपड्यांत उभा राहतो आणि समोरच्याला बोलू देतो. अनोळखी, काळ्या, घामेजल्या माणसाशी तो कसा बोलतो, ते मला ऐकायचं असतं. जनावर नीट तपासतो, मुक्या जिवाने माझं काही बिघडवलेलं नाही. पण "माफ करा, ओळखलं न्हाई," असं म्हणणाऱ्याला मी माफ करत नाही. ओळखलं नव्हतं तेव्हा मला जो माणूस समजून बोललात, त्याच्या घरी जा आणि त्याची माफी मागा, एवढंच सांगतो. आजवर एकही गेलेला नाही. मी सांगायचं सोडणार नाही.