शेंड्याचा मणी: निफाडमार्गे पुण्याला, एका अॅम्प्लिफायरसाठी

आमच्या सोसायटीच्या गणपतीपुढे मी गिटार वाजवली, त्याच संध्याकाळी हा प्रवास ठरला. प्रत्यक्ष निघायला माघ उजाडला, ती गोष्ट वेगळी.

तीस वर्षं मी पंचवटीतल्या एका शाळेत मराठी शिकवलं. कविता नुसती वाचलेली मला चालत नसे. वर्गानं ती चालीवर म्हटली पाहिजे. निवृत्त झालो आणि त्या साऱ्या चाली डोक्यात घोंगावत राहिल्या. तेव्हा बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्रातल्या वादकाकडून ही इलेक्ट्रिक गिटार घेतली. तिचा अॅम्प्लिफायर त्यानं आधीच विकला होता. अॅम्प्लिफायरविना या वाद्याचा आवाज मच्छरदाणीत शिरलेल्या डासाएवढा. दोन वर्षं मी तोच डास ऐकत, डोळे मिटून, पाचवीचा वर्ग पुन्हा भरवत होतो.

मग गणपतीत मोह झाला. भजनी मंडळाचं मशीन होतंच, वर मांडवाच्या खांबाला कर्णा. माइकच्या जागी गिटारची वायर खुपसली आणि ढगांवरच्या कवितेची चाल धरली. कर्ण्यातून जे आलं, ते पत्र्यावर करवत फिरवल्यासारखं होतं. मागून सोसायटीतल्या जोशीकाकांचा आवाज आला, "सर, कल्हईवाला आलाय का हो?" मांडव हसला. माझी बायको मंगल पुढच्याच रांगेत होती. तिनं हातातलं आरतीचं तबक खाली ठेवलं आणि घरी निघून गेली.

घरी म्हणाली, "अहो, तीस वर्षं लोकांनी तुमच्या तोंडून कविता ऐकल्या. त्यावर आज बोळा फिरवलात. नीट वाजेल असं काही आणायचं असेल तर एकदा आणून बघा. पुन्हा असा आवाज आला, तर ते लाकूड माळ्यावर."

मंगल बोलते ते करते. माळ्यावर माझा बुलबुलतरंग वीस वर्षं पडून आहे.

नाशकात चौकशी केली, तर बहुतेक ठिकाणी भजनाची आणि लग्नाच्या बँडची मशीनं. म्हणून पुणं. आणि नेमका रामनाथचा फोन आला. हा पंचवटीतल्या शाळेतला माझा विद्यार्थी, आता निफाडला पक्का द्राक्षबागाईतदार. "सर, बहिणीच्या सोसायटीत द्राक्षाच्या पेट्या पोचवायच्यात. भोसरीला मुक्काम. येता का?"

पहिला दिवस

सहाच्या एस.टी.नं निघालो. निफाडची थंडी माघातही कानाला चावते, मफलर न्याच. स्टँडवरून रामनाथनं मोटारसायकलवर बागेत नेलं. धुकं वेलींवरून हळूहळू उठत होतं आणि एकेका घडाखाली दवाचा थेंब लटकत होता. असं काही दिसलं की मला फळा आणि खडू आठवतो. मी वरचा एक मणी तोडून तोंडात टाकला. साखर!

"वाहवा रामनाथ!"

"सर, वरचा मणी कुणालाबी गोडच लागतो," तो हसला. "व्यापारी वरचाच चाखून दाखवतो. आपण शेंड्याचा, पार खालच्या टोकाचा चाखायचा. घडात साखर वरून उतरती, शेंड्याला सगळ्यात शेवटी. शेंडा गोड तर सगळा घड गोड. हे घ्या."

मी चाखला. आंबटपणाची एक रेघ जिभेवर उमटून गेली. "अजून चार दिवस हायेत त्याला," असं म्हणून तो शेजारच्या, तयार झालेल्या ओळीकडे वळला. शाळेत या मुलाला एकाही कवितेचं दुसरं कडवं आठवत नसे. चाली मात्र सगळ्या पाठ.

पिकअपमध्ये मागे पेट्या, पुढे आम्ही दोघं आणि मध्ये उभी गिटार. गिअर टाकताना रामनाथचा हात तिच्या मानेला लागायचा आणि तो दर वेळी "माफ करा" म्हणायचा, गिटारला. आडरस्त्यानं सिन्नर, मग संगमनेरला चहा, चंदनापुरीचा घाट, आळेफाटा. तुम्ही जाणार असाल तर नारायणगावात पोटभर खाऊन घ्या, पुढे मंचर आणि खेडच्या गर्दीत किती वेळ जाईल सांगता येत नाही. आम्ही मिसळ खाल्ली. चांगली होती. नाशिककरानं याहून जास्त बोलू नये.

भोसरीला पेट्या उतरवून बुधवार पेठेत वाद्यांच्या दुकानाशी पोचलो, तर दुपारी दोन. कुलूप. पाटी: एक ते चार बंद. दोन तास आम्ही समोरच्या पायरीवर शेंगदाणे खात बसलो. तेवढ्यात माझा विचार पक्का झाला: सगळ्यात मोठं मशीन घ्यायचं. जोशीकाकांचं तोंड बंद होईल असं.

चारच्या ठोक्याला मालक आले. चष्म्यावरून माझ्या पिशवीकडे बघितलं. "स्वतःची गिटार आणलीत? हे उत्तम. लोक हात हलवत येतात, दुकानातल्या गिटारवर ऐकतात आणि घरी गेल्यावर मला फोन करतात. काय वाजवता?"

"शाळेतल्या कविता."

"किती माणसांपुढे?"

"एक. बायको."

"मग अवघड आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

भजनी मंडळाची हकिकत सांगितली तेव्हा मात्र हसले. "अहो, ते मशीन माणसाच्या बोलण्यासाठी असतं. बोलणं लांबवर कळावं, बस. गिटारचा अॅम्प्लिफायर म्हणजे गिटारचा उरलेला अर्धा भाग. तंबोऱ्याला भोपळा असतो ना, तसा."

इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी शंभर वॅटच्या धुडाकडे बोट केलं. त्यांनी जोडून दिलं. मी तार छेडली आणि काचेच्या कपाटातल्या बासऱ्या थरथरल्या. छातीत धडधडलं. साठीनंतर अंगात असा वारा क्वचित शिरतो. मी खिशाकडे हात नेला.

"सर," रामनाथ मागून म्हणाला, "हा वरचा मणी झाला."

"म्हणजे?"

"मोठा आवाज कुणाचाबी भारीच वाटतो. तुम्ही घरात कितीवर वाजवणार? बाईंच्या शेजारी बसून? तेवढ्यावर लावा ना. शेंडा चाखा."

मालकांनी चष्मा काढला. "हे गृहस्थ काय करतात?"

"द्राक्षं," रामनाथ म्हणाला.

आवाजाची कळ एकवर आणली. धूड एकदम मुकं झालं; फ्रिजसारखी घरघर आणि त्याखाली कुठेतरी, गोधडीत गुंडाळलेली माझी गिटार. दुसरा आणला, त्यात विहिरीचा, गुहेचा, देवळाचा असे नाना घुमारे होते. ते काढून टाकले तर उरलेला सूर पाणचट. तिसरा पंधरा वॅटचा, आठ इंची स्पीकरचा, पुस्तकांच्या खोक्याएवढा. मालकांनी सूर फाडणारी गेनची कळ अगदी खाली नेली. "रॉकवाल्यांना फाटका हवा असतो, तुम्हाला धुतलेला हवाय," असं म्हणून आवाज एकवर ठेवला.

मी ढगांच्या कवितेचं पहिलं कडवं वाजवलं. प्रत्येक सूर वेगळा, गोल, शेवटपर्यंत विरत जाणारा. रस्त्यावर रिक्षा ओरडत होत्या तरी तो ऐकू येत होता. तिसऱ्या ओळीला रामनाथ मागे गुणगुणू लागला.

"शेंडा गोड हाय, सर."

किंमत शंभर वॅटच्या जेमतेम पाव. वर मालकांनी एक वायर भेट दिली, "द्राक्षवाल्यांसाठी" असं म्हणून.

दुसरा दिवस

बहिणीकडे रिकाम्या झालेल्या पेट्यांत कागदाच्या पट्ट्या होत्या, द्राक्षांना धक्का लागू नये म्हणून घालतात त्या. त्यांत अॅम्प्लिफायर तान्ह्या बाळासारखा गुंडाळून आणला. रामनाथनं सिन्नरवरून थेट नाशकात घरापर्यंत सोडलं.

आणि लोडशेडिंग! चारपर्यंत वीज नाही. मंगल खोक्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "एवढासाच? यासाठी पुणं?" आणि वाटाणे सोलायला स्वयंपाकघरात गेली. मी माळ्याच्या फळीकडे बघत बसलो.

चारला पंखा फिरला. कळ एकवर ठेवली आणि सुरुवात केली. पहिलं कडवं. आतून वाटाण्यांचा टपटप आवाज येत होता. दुसरं कडवं. टपटप थांबली. मी थांबलो नाही. मान वर करायचीही हिंमत नव्हती.

"अहो," आतून आवाज आला.

झालं, मला वाटलं. माळा.

"जरा मोठं करा की. इथपर्यंत नीट येत नाही."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. पुढच्या गणपतीत तोच छोटा खोका देवापुढे ठेवला, मंडळाचा माइक त्याच्या तोंडाशी धरला आणि जोशीकाकांनीच ढगांची कविता दोनदा वाजवायला लावली. तुम्ही असलं यंत्र घ्यायला निघालात, तर आपलं वाद्य बरोबर न्या आणि घरात वाजवणार तेवढ्याच आवाजावर ऐका. जमलं तर एखादा द्राक्षवाला सोबत न्या. अजूनही खोका हलवला की मागच्या जाळीतून कागदाची एखादी पट्टी खाली पडते. मंगल ती उचलून टाकून देत नाही. कवितेच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवते.

त्या दिवशी मी कळ एकवरून दोनवर नेली.