भर उन्हात चालणारा जनरेटर

धारूरच्या डोंगरावर, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला मोबाईलचा टॉवर आहे. त्याचा राखणदार मी. तिथं लाईटीचा काही भरवसा नव्हता, म्हणून कंपनीनं सोलरच्या प्लेटा बसवल्या होत्या. दिवसा उन्हावर बॅटऱ्या भरायच्या. त्या उतरल्या की डिझेलचा जनरेटर आपोआप सुरू व्हायचा. दुष्काळाच्या त्या साली अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला गेलं. या नोकरीपायी मी आणि बायको मात्र गावातच राहिलो.

आणि नेमका त्याच साली जनरेटर भर दुपारी धडधडायला लागला. वरून आग ओतल्यासारखं ऊन, आणि हे बेणं डिझेल पितंय! बीडहून येणारा कंपनीचा साहेब मला तोंडावर म्हणाला, "उन्हात जनरेटर चालतो, हे वर कुणाला सांगू मी? डिझेल विकता का? पुढच्या फेरीला हेच दिसलं तर दुसरा माणूस ठेवीन."

डोकंच फिरलं माझं. हे कुणाचं काम, ते मला लगेच कळलं, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. दूध सोसायटीचा सेक्रेटरी माझा चुलतभाऊ. चाऱ्याविना जनावरं आटली, सोसायटीत दूध येईना, तिथं कामाला असलेला त्याचा मेव्हणा घरी बसला. आता त्याला माझ्या जागी चिकटवायचा बेत असणार! वायरी तोच सैल करत असणार. टॉवरकडं फिरताना मी त्याला बघितलंही होतं. एकदा सोसायटीच्या दारात मी विचारलंच, "टॉवरकडं कशापायी येतो रे तू?"

"शेळी हुडकाय गेलतो," तो म्हणाला. शेळी म्हणे! त्याच्याकडं शेळी होती कुठं?

मी टॉवरभोवती चुलीतली राख पसरली. रोज सकाळी वाकून वाकून बघायचो. राखेत पावलं दोघांचीच, माझी आणि बायकोची. मग मला बायकोचाही संशय यायला लागला. तिचा भाऊ पण रिकामाच होता ना! तीन-चार दिवस तिच्याशी नीट बोललो नाही. ती बिचारी पाण्याचं घमेलं डोक्यावर घेऊन यायची, प्लेटा पुसायची, जायची.

साहेब पुन्हा आला तेव्हा माझी हकालपट्टी बघायला सोसायटीतली माणसं वर आली होती, चुलतभाऊ सगळ्यात पुढं. साहेबानं वायरी तपासल्या, बॅटऱ्या तपासल्या. सगळं ठीक. मग त्यानं प्लेटेवर बोट घासलं. पांढरा थर निघाला. त्यानं वास घेतला. "अंगाचा साबण?"

माझ्या मागं उभी असलेली बायको पदर सावरत म्हणाली, "आमी बाजंवर बसून आंघोळ करतो, साहेब. खाली घमेलं ठेवतो. त्या पाण्यात कपडे धुतो, उरलेलं प्लेटांना. पाणी फेकायचं कसं?"

त्या साली घरोघरी हेच चाललं होतं. पण ते साबणाचं पाणी काचेवर वाळत गेलं आणि थराखाली प्लेटा आंधळ्या झाल्या, बॅटऱ्या भरेनात. साहेब हसला. मला हसू आलं नाही.

"चांगल्या पाण्यानं धुवा. आत्ता, माझ्यासमोर."

चांगलं पाणी म्हणजे घरातली प्यायची घागर. टँकर परवा येणार होता. मी बायकोकडं बघितलं. ती खाली गेली, घागर घेऊन वर आली. मी फडकं घेतलं, ती वरून ओतत राहिली. गोडं पाणी काचेवरून घसरून मातीत जात होतं आणि माणसं उभी राहून बघत होती. प्लेटा लख्ख झाल्या, आणि काही वेळानं जनरेटर बंद झाला. साहेबानं माझ्या पाठीवर थाप मारली.

"लई पाणी हाय रे तुझ्या घरी," चुलतभाऊ एवढंच म्हणाला.

टँकर आला त्या दिवशी बायांनी बायकोची घागर उचलून रांगेच्या शेवटी ठेवली. तिची पाळी येईस्तोवर टँकर रिकामा झाला. कोरडी घागर कमरेवर घेऊन ती घरी आली.

"साहेबाला पटलं तुमी चोर न्हाई," ती म्हणाली. "आता आपल्या घरात पाणी न्हाई, हे गावाला कोण पटवणार?"