मुरमाची वाट आणि जाऊबाईंचा तलाव

पोरी, जरा जवळ सरक. पुण्यात असलीस म्हणून काय झालं, मी लिहायला बसले की तू माझ्यासमोर पाटावर बसलेलीच असतेस. आधी कान धरते तुझा. मावशीला फोटो पाठवतेस, डोक्यावर ते टोपलं, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि खाली लिहितेस, 'मावशी, आज ग्रॅव्हल रूट केला.' ग्रॅव्हल म्हणजे काय म्हणून मी शेजारच्या मास्तरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मुरूम वं, दुसरं काय!" मग मुरूमच म्हण की. मुरमावर सायकल चालवायला लोक सुट्टी काढून लांब जातात, हे मला नवीन होतं. आमच्या दारातून पाय बाहेर काढला की मुरूमच. सख्खी मावशी भंडारा जिल्ह्यात, तलावांच्या शेजारी, आणि तू भलतीकडे फिरतेस. लाज वाटू दे जराशी.

मी सायकल शिकले ती माझी लेक, तुझी ताई, सासरी गेल्यावर. तिची शाळेतली लेडीज सायकल ओसरीत उभी होती, येता-जाता माझं पातळ तिच्या पॅडलला अडकायचं. एक दिवस वैतागून तिला बाहेर काढली ती विकायला नाही, चालवायला. अर्धं गाव बघायला आलं. पडले, गुडघे फोडले, पुन्हा बसले. मुरमानंच मला शिकवलं म्हण. पावसाळ्यात ओला मुरूम घट्ट बसतो, चाकाला धरून ठेवतो. धान कापणीनंतर तो सुटतो, मग चाकाखाली चिंचोके पसरल्यासारखं होतं. अशा वेळी रस्त्याच्या मधात जायचं नाही. बैलबंडीनं पाडलेल्या चाकोरीतून जायचं, आणि ब्रेक लावायचा तर मागचा. पुढचा लावला की आपण सायकलच्या आधी पोचतो.

आता जाऊबाईंकडे येते. माझी थोरली जाऊ तुला आठवते ना, लग्नात सगळ्यांना ओरडत वाढत होती ती? तिचा उजवा डोळा लहानपणीच गेला. धान झोडताना लोंबीचं कूस डोळ्यात शिरलं, घरच्यांनी पाला पिळून घातला, आणि डोळा पांढरा झाला तो झालाच. पुढचं सगळं आयुष्य, धानाचे रोवणे, निंदणं, चार लेकरांचं करणं, तिनं डाव्या डोळ्यावर काढलं. आणि आता त्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका, रोजचं काम आहे आमचं. तिनं मान हलवली. पण घरी आल्यावर चुलीपुढं बसून मला हळूच म्हणाली, "त्याईच्या रोजच्या कामात डोळे लय असतीन वं. माह्याजोळ एकच आहे."

तिला ऑपरेशनच्या आधी माहेरचा तलाव पाहायचा होता. आईबाप जाऊन किती वर्षं झाली, भाऊ नागपूरला, घराच्या जागी नुसत्या भिंतीचा उंचवटा. जायचं तरी कोणाकडे, म्हणून ती गेलीच नव्हती. मधल्या काळात गोंदिया वेगळा झाला, तिच्या माहेरचं, करडीकडचं जंगल राखीव झालं, तलावाची एक बाजू जंगलात गेली. घरातले पुरुष म्हणाले, "ऑपरेशन झाल्यावर जाजो नं, चांगलं दिसन."

"आन् नाई दिसलं तं?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली.

एसटी फाट्यापर्यंतच जाते. सायकल टपावर टाकून तिथवर गेलो, पुढे ती कॅरिअरवर, खाली घडी केलेलं पोतं, हातात भाकरीची पिशवी. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. जंगलाच्या गेटवर चौकीदार शेकत बसला होता.

"जयभीम, माय. सायकल आत नाई जात. अस्वल पिल्लू घेऊन फिरून राहिली."

"तिले सांग, मी इथलीच पोरगी आहे," जाऊबाई म्हणाली.

"मी सांगतो, पण ते कुठं ऐकते माह्यं? साहेबाईचंबी नाई ऐकत." तो हसला आणि काठीनं बाहेरचा रस्ता दाखवला. जंगलाला उजव्या हाताला ठेवून पांदणीनं, शेताकडच्या बंडीवाटेनं, जायचं, तलावाच्या पारीवर निघता येतं. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध, पोरी. तुझ्याकडे काय म्हणतात कुणास ठाऊक.

ती पांदण कशी होती काय सांगू. एका बाजूला सागाचं जंगल, मोठमोठी पानं गळून वाळलेली, वारा नसतानाही एखादं पान खाली येताना आवाज करायचं. दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, बांध घातलेले शेताचे तुकडे, कापलेल्या, आणि त्या धसकटांमधून लाखोरी वर आलेली. धान उभं असतानाच लाखोरी टाकतात ना आमच्याकडे, त्यामुळे वरून शेत रिकामं दिसतं आणि जवळ गेलं की सगळं हिरवं, निळ्या फुलांचं. दंव पडलेलं. ऊन आलं तसं ते सगळं रान चमकायला लागलं. मी सायकल थांबवली. या जिल्ह्यात जन्म गेला माझा, लाखोरीची डाळ खाल्ली, भाजी खाल्ली, पण कंबर वाकवून नाही, उभं राहून, काही काम नसताना शेत पाहायची ती पहिलीच वेळ. मागून जाऊबाई म्हणाली, "काहून थांबली वं? पंक्चर झाली का?"

पुढे एका शेतापाशी पांदण संपली. खरंच संपली. बंड्या वळून-वळून तिथं सगळी जमीन सारखीच झाली होती, कुठली चाकोरी कुठं जाते कळेना. विचारावं तर माणूस नाही, नुसते धानाचे पुंजणे, कापलेल्या पेंढ्यांच्या राशी, उभे. आम्ही दोघी तलावाकडच्या बाया, आम्हाला काय वाटलं सांगू? बांध्या जिकडे चढत जातात तिकडे तलाव असतोच. तलाव वर, त्याची शेतं खाली, लहानपणापासून हेच पाहिलेलं. मग काय, धुऱ्या-धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, सायकल ढकलत, लाखोरी तुडवू नये म्हणून एकामागे एक, एकेक बांधी चढत निघालो. शेवटी चढ आला, वर गवताची पार दिसली, आणि मी ओरडले, "बाई, आला वं तुमचा तलाव!"

वर चढून पाहिलं. पाणी होतं, कमळाची पानं होती, एक बगळा होता. जाऊबाई पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं, भरून आलं असेल.

"हा नोहे," ती म्हणाली.

"असं कसं?"

"आमच्या पारीवर सकाळी ऊन उजव्या गालावर येते. मेल्या डोळ्याकडून. म्हणून तं मले सकाळचं पाणी चांगलं दिसे. हे ऊन सारं तोंडावर येऊन राहिलं."

आता आली का पंचाईत. तलावांच्या जिल्ह्यात बांध्या चढत गेलं की तलाव सापडतोच, पण कोणता, हे कोण सांगणार? इथं प्रत्येक शेताला आपापला तलाव. हे डोक्यात आलंच नाही. मी पारीवर बसले आणि हसायला लागले. ती मात्र हसली नाही. परवा ऑपरेशन, पुन्हा यायला दिवस नाही. "चाल," ती म्हणाली, "घरी चाल. माह्या नशिबात नसन."

मी भाकरी सोडली. तिनं दोन घास खाल्ले, आणि खाता खाता थांबली. "हा लहानाच आहे नं?"

"लहानाच दिसते."

"मंग याची सलंग पाह्य कुठं आहे."

सलंग म्हणजे तलाव भरला की जास्तीचं पाणी जिथून सांडतं ती जागा. जाऊबाईच्या माहेरी गावाचा घाट देवळापाशी होता आणि आमच्या लोकांच्या वस्तीचा घाट खूप लांब, सलंगीच्या टोकाला. तिथंच ती पाणी भरायची, कपडे धुवायची. म्हणून तिला तेवढं पक्कं ठाऊक, की वरच्या लहान्या तलावाची सलंग चालली की नाल्यातून लाल पाणी येई आणि बाया ओरडत कपडे उचलत. पाण्याचा नाला सापडला तर तो थेट तिच्या घाटापाशी जाणार होता.

सलंग सापडली. नाला कोरडा, आणि त्याच्या काठानं मुरमाचा नवा रस्ता टाकलेला, उताराचा, सरळ. ती मागे बसली. पोरी, तुझ्या सगळ्या रूटांवरून ओवाळून टाकावा असा तो उतार. सायकल आपोआप चालली. मुरूम चाकाखाली करकर वाजतोय, दोन्ही बाजूंनी पळसाची झाडं मागे पळतायत, आणि मागून ही, "ब्रेक लाव वं! लाव म्हणते नं! माह्यं डोळ्याचं ऑपरेशन आहे, हाडाचं नाई!" पण माझी कंबर धरलेले तिचे हात हसण्यानं हलत होते, ते मला कळत होतं.

झाडं संपली आणि रस्ता पारीवर निघाला.

इतकं पाणी. मी काय सांगू. पलीकडचा काठ धुक्यात गेलेला, त्यामुळे पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं हेच कळेना. ती उतरली, चाचपडत दोन पावलं पुढे गेली, उजवा गाल उन्हाकडे झाला. "हाच," म्हणाली. खाली दगडाच्या पायऱ्या होत्या, त्यांवर बसली, हात पाण्यात घातला. मग डावा डोळा बारीक करून बराच वेळ पाहत राहिली, आणि तिचा चेहरा उतरला.

"पाणी गेलं वं," ती म्हणाली. "मधात जमीन निघाली. एवढी मोठी जमीन. गाळानं भरून टाकला तलाव. आमच्या वेळी उन्हाळ्यातबी अशी जमीन निघत नव्हती."

मी पाहिलं. पाण्याच्या मधोमध खरंच काळा पट्टा होता, शेत असावं एवढा. मलाही क्षणभर जमीनच वाटली. मग तो पट्टा एका कडेनं किंचित हलल्यासारखा दिसला, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात ती जमीन उठली.

अख्खी उठली, पोरी. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. बदकं होती ती, कुठून-कुठून हिवाळ्यात आलेली, दाटीनं बसलेली. शंभर बाया खळ्यावर एकदम सुपं हाणायला लागल्या तर जसा आवाज येईल तसा आवाज पाण्यावरून आमच्या अंगावर आला. ऊन झाकलं गेलं, परत आलं, परत झाकलं गेलं. माझ्या हातातून सायकल सुटली आणि पडली, मला कळलंही नाही. आणि खाली, जिथं जमीन होती, तिथं लखलखीत पाणी.

जाऊबाई उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला. "जमीन उडाली वं," ती म्हणाली. "माह्या डोळ्यानं पाहिली मी. जमीन उडाली."

मी सांगितलं नाही लगेच. पाखरं आहेत हे तिला आवाजावरून कळलंच असेल. पण ती अजून वर बघत होती आणि तिच्या डोळ्यातून पाणी येत होतं, मग मीही तशीच उभी राहिले. घरी येताना मात्र ती एवढंच म्हणाली, "आता करू दे त्याईले काय करायचं ते."

ऑपरेशन झालं. पट्टी सोडायच्या दिवशी आम्ही सगळे पलंगाभोवती उभे. डॉक्टरांनी विचारलं, दिसतंय का. ती माझ्याकडे वळली, नीट पाहिलं, आणि म्हणाली, "तू एवढी काळी होती का वं पहिल्यापासून?" वॉर्डातल्या नर्सबाईसुद्धा हसल्या. मी हसले आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

डॉक्टरांनी धक्के खायचे नाहीत म्हणून बजावलं होतं, ते दिवस तिनं कसेबसे काढले. मग पुन्हा गेलो, या वेळी बरोबर वाटेनं. पाखरं होती, पण लांब, विखुरलेली, उडाली नाहीत. मला वाटलं, ही नाराज होणार. ती पायऱ्यांवर बसली. धुकं नव्हतं. ती समोर बघत राहिली, एवढा वेळ की माझ्या पायांना मुंग्या आल्या. मग बोट दाखवून म्हणाली, "ते काय आहे?"

"काठ आहे, बाई. पलीकडचा. जंगल."

"त्याच्याखाली?"

"हरणं आहेत. पाणी पिऊन राहिली."

"हो नं. पिऊनच राहिली." तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला. "या तलावाले पल्याड आहे हे मी विसरूनच गेली होती. कितीक वर्षं झाले, मले इकडलाच काठ दिसे."

तेव्हापासून तिला घरात बसवत नाही. दर दोन-चार दिवसांनी विचारते, पल्याड काय असेल, त्या काठावरून इकडचा घाट कसा दिसत असेल. तिकडे जाणारी मुरमाची वाट आहे, जंगलाच्या बाहेर-बाहेरून, दोन-तीन गावांतून वळसा घालून. पण तेवढं लांब तिला मागे बसवून न्यायला माझी मांडी आता साथ देत नाही. तुझे पाय तरणे आहेत. ती कॅरिअरवर बसेल, ओरडेल, शिव्या देईल, त्याची तयारी ठेव. पाखरं फागुनात परत जातात, त्याच्या आत येजो. सुट्टी नसेल तर मागून घे. मी लाखोरीची भाजी करून ठेवते. लवकर येजो, माय.