काउंटरवरचं इंग्रजी

सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून पासिर रिसला बहिणीच्या फ्लॅटवर पोहोचायला फार वेळ लागला नाही. सामान आत घेतेय तोच शेजारीण दारात हजर. ही रोझा, पेरू देशातली. बोलायची स्पॅनिश, सिंगापुरी नवरा बोटीवर नोकरीला.

"तू इंग्रजीचे क्लास घेतेस हे मी सांगून ठेवलंय," माझी बहीण सुधा म्हणाली.

रोझा पाया लेबारला एका चहा-कॉफीच्या स्टॉलवर मागे कप विसळायची. काउंटरवर पगार दीडपट, पण तिथे बोलावं लागतं. दीडपट मिळाले तर पेरूत लिमाला आजीकडे ठेवलेली मुलगी इकडे आणता येणार होती. तोवर फोनच्या कॉलिंग कार्डावर तिचा नुसता आवाज ऐकायचा. मालकाने काउंटरवर करून बघायला शुक्रवारची एक सकाळ देऊ केली होती. जमलं तर ठीक, नाहीतर दुसरी बाई येणार होती.

तीन दिवस मी तिच्याकडून पूर्ण, शुद्ध वाक्यं घोटून घेतली. शुक्रवारी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, तिच्यासोबत गेले.

ऑफिसला निघालेल्यांची रांग लागलेली. रोझा प्रत्येकाला हसून म्हणायची, "गुड मॉर्निंग सर, व्हॉट वुड यू लाइक टू हॅव?" गिऱ्हाइकं घड्याळ बघायची. रांग खांबापर्यंत गेली.

मालक म्हणजे बनियनमधले म्हातारे चिनी गृहस्थ. ते माझ्याकडे वळले. "आंटी, तुम्ही शिकवलं?"

"मीच."

"फार चांगलं शिकवलं लाह! म्हणून रांग वाढली." बोलण्याला "लाह" जोडायची ही सिंगापुरी सवय.

राग आला, पण माणूस खरं बोलत होता. मी रांगेशेजारी उभी राहून ऐकलं. लोक नुसतं "कोपी-ओ कोसोंग" (दूध-साखर नसलेली कॉफी) नाहीतर "तेह-सी" (आटीव दुधाचा चहा) म्हणत. काउंटरवरून तेवढंच मागे ओरडायचं, की आतले हात चालू. आणि हे शब्द रोझाने कप विसळता विसळता वर्षभर ऐकले होते!

मी काउंटरशी गेले. "मी शिकवलेलं विसर. मागे ऐकू येतं तेच ओरड."

"पण आंटी, ते इंग्रजी नाही."

"पगार त्याचाच आहे."

तिने एकदा माझ्याकडे, एकदा रांगेकडे पाहिलं. मग आवाज चढवला. "कोपी-ओ कोसोंग! तेह-सी दोन!" रांग सरकू लागली. दहाच्या सुमाराला मालकाने तिच्या खांद्यावरचं कप पुसायचं फडकं उचललं आणि आत भिरकावलं.

पुण्यात माझ्या क्लासला हॉस्पिटलात नोकरी शोधणाऱ्या मुली येतात. परतल्यावर पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडलंच नाही. केसपेपरच्या खिडकीशी तासभर उभं राहून ऐकून या, म्हटलं.

परवा सुधाचा फोन आला. रोझाची लेक पोहोचली, शाळेत रमली, आणि येताजाता आईचं इंग्रजी सुधारते म्हणे.

"तिला सांग," मी म्हटलं, "फक्त सुट्टीच्या दिवशी सुधार."