धुऱ्याकडचा हरभरा

आमच्या शेतात सोंगणीच्या वेळी धुऱ्याकडचा हरभरा कापत नाहीत. धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून चारही बाजूंनी थोड्या ओळी उभ्याच ठेवायच्या, ज्याला गरज असेल त्याने न्याव्यात. वडिलांनी हे पवित्र शास्त्रात वाचलं आणि जसंच्या तसं उचललं. ते नव्यानेच ख्रिस्ती विश्वासात आले होते आणि वाचलेलं करायचं असतं, अशी त्यांची समजूत होती.

गाव हसलं. "या लोकायचा देव आळशी दिसते, सोंगनी अर्धी टाकून उठते," असं पारावर चालायचं. शेलूबाजारहून रविवारी जीपने येणारे पाळकसाहेबसुद्धा म्हणाले की हा जुन्या करारातला नियम आहे, आपल्यावर त्याचं बंधन नाही. वडिलांनी ऐकून घेतलं. "पन मना तं केलं नाही ना?" एवढंच विचारलं आणि ओळी तशाच ठेवल्या. शिवाय स्वतःची एक पुस्ती जोडली. ओळी रिकाम्या होईपर्यंत घरच्यांनी वेचणाऱ्याच्या नजरेस पडायचं नाही. घेणाऱ्याची मान खाली जाते, म्हणून.

वडील मागच्या पावसाळ्यात गेले. शेत माझ्याकडे आलं. विश्वास आला की नाही, हे मला सांगता यायचं नाही. मी प्रार्थनेला बसायचे आणि पंख्याकडे बघून उठायचे. पाळकसाहेब रोज सकाळी फोनवर वचन पाठवतात, ते मी न वाचताच पुढे सरकवायचे. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोला. वडिलांना ज्यातून बळ मिळायचं त्यातलं मला काहीच मिळेना, म्हणून मी देवावर सरळ रुसले होते. मागणं तर बंदच केलं होतं.

त्यात यंदा हरभऱ्यावर मर रोग आला. मधलं रान चकत्या पडून वाळलं आणि टिकलं ते नेमकं धुऱ्याकडचं, घाट्यांनी लगडलेलं. सोंगणीला आलेल्या बाया तिथे थांबल्या. त्यातली एक म्हणाली, "चांगलं तं धुऱ्याकडचंच हाय. तेच कायले सोडता?"

"बाबाचं सांगनं होतं."

"बाबा तं गेले ना, बाई."

"तरी राहू द्या," मी म्हटलं, तेही कपाळाला आठ्या घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी शेताच्या मधोमध, कापलेल्या हरभऱ्याच्या ढिगाआड थ्रेशरची वाट बघत बसले होते. बांगड्या वाजल्या म्हणून डोकावले. धुऱ्यावर माझी मोठी काकू होती, वडिलांच्या सख्ख्या भावाची बायको. आम्ही ख्रिस्ती झालो तेव्हापासून तिने आमच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. वडिलांच्या मातीलाही ती आली नाही. बाटलेल्याच्या दारात जात नसते, असा निरोप तेवढा धाडला. तिचा स्वतःचा हरभरा त्याच रोगाने सगळाच गेला होता. आता ती पदराची झोळी करून भराभर घाटे तोडत होती आणि गावाच्या वाटेकडे बघत होती. मी ढिगाआड आहे हे तिला माहीत नव्हतं.

मला टोमणाही मारायची गरज नव्हती. नुसती उठून उभी राहिले असते तरी ती जन्मभर विसरली नसती. रागाने माझी कानशिलं तापली. पण उठायचं नाही, हे मला कोणी नव्याने सांगायला नको होतं. मी मान खाली घालून बसून राहिले. ऊन वर आलं, घसा कोरडा पडला, आलेला खोकला दाबला. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून मनातल्या मनात देवाकडे तिची तक्रार सुरू केली. पाणी नाही, माती नाही, सगळं उगाळून सांगितलं. सांगून संपलं तरी ती तोडतच होती.

तेवढ्यात फाट्याकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. माझा थ्रेशर. तो शेतात वळला असता तर मला ढिगाआडून निघावं लागलं असतं, काकू समोर सापडली असती, आणि मी बोट न उचलता मला हवं ते झालं असतं.

"देवा, थांबव त्याले," मी पुटपुटले. "तिची झोळी भरू दे."

ट्रॅक्टर फाट्यावर थांबला. ड्रायव्हर कुणाशी बोलत होता की त्याला कुणी अडवलं, हे मी अजून विचारलेलं नाही. काकू झोळी सावरत उतरली आणि गावाच्या वाटेला लागली. माझा राग काही गेला नव्हता. पण पोटात ऊन भाताचा घास उतरावा तसं आत निवांत वाटत होतं, आणि का ते कळायला जरा वेळ लागला. वडील गेल्यापासून मी देवाकडे मागितलेलं ते पहिलंच होतं, आणि मी ते तिच्यासाठी मागितलं होतं.