मागाच्या खोलीत मी होते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, बहिणीजवळ नाही, देवासमोर हात जोडतानासुद्धा नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. डोंबिवलीत जे ओळखतात ते मला चांगली मास्तरीण म्हणतात. रस्त्यात मोठमोठी माणसं वाकून नमस्कार करतात, आणि मी — मी तो घेते.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मी नुकतीच ट्रेनिंग संपवून खाडीकाठच्या एका गावातल्या लोकल बोर्डाच्या शाळेत लागले होते. सातवीपर्यंतची शाळा, गाव आगरी, घरटी कोणीतरी शेतात नाहीतर मिठागरात. हेडमास्तर होते वामनराव. विधुर, चाळिशीचे, अंगात स्वतः विणलेला जाडाभरडा सदरा. शाळेत मूलोद्योग, म्हणजे हातकामातून शिक्षण, आला होता. इतर ठिकाणी सूत कातायच्या टकळ्या कपाटात पडून असायच्या आणि तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी बाहेर निघायच्या. वामनरावांनी मात्र ते मनावर घेतलं होतं. शाळेमागे कपाशी लावली. मुलं ती वेचायची, पिंजायची, कातायची, हातमागावर त्याची आसनं विणायची. गणित धाग्यांवरून चालायचं. अंगणात चिखलाची खाडी केली होती — भूगोलाला सगळा वर्ग तिच्याभोवती उकिडवा बसायचा.

गावाला हे आवडत नव्हतं. "आमचा जलम आगरान गेला," एक बाप शाळेत येऊन म्हणाला होता, "पोराला चिखलानच बसवायचा तं शाला कशाला?" त्याचं चूक होतं का? मला तेव्हा वाटायचं, नाही.

आणि मलाही वामनराव आवडत नव्हते. सांगूनच टाकते. माझा तिसरीचा वर्ग जमीन मोजायची कोष्टकं घडाघडा म्हणायचा. एकदा ते वर्गात आले, कौतुकाने ऐकलं आणि विचारलं, "गुंठा म्हणजे केवढा रे? दाखवा बरं." एकालाही येईना. ते रागावले नाहीत. "चला, चालून बघू," म्हणाले आणि माझा वर्ग घेऊन शेतात गेले. मी रिकाम्या खोलीत खडू धरून उभी राहिले. एवढंच. एवढ्यावर माणूस डूख धरतो का? मी धरला.

सहावीत जना म्हणून मुलगी होती. बोलायला बुजरी, पण मागावर बसली की तिचं तोंडच बदलायचं. त्या दुपारी ती विणत होती, बाकीची मुलं पाळीची वाट बघत भोवती उभी होती, दार सताड उघडं होतं, आणि मी कोपऱ्यात वह्या तपासत बसले होते. जना आडव्या सुताचा धोटा टाकून सूत जोरात ओढायची, त्यामुळे कापडाच्या कडा आत यायच्या. वामनरावांनी तिच्या मुठीवर हात ठेवला, एकदा सूत ओढून दाखवलं. "इतकंच. सैल हाताने," म्हणाले आणि बाजूला झाले. तेवढ्या वेळात खिडकीवरून जनाचा चुलता गेला.

संध्याकाळपर्यंत विहिरीवर वेगळीच गोष्ट चालू होती. मास्तर पोरींना जवळ घेतो. दोन दिवसांत मागाच्या खोलीत माणूस फिरकेना. जनाच्या बापाने तिला घरात कोंडलं.

मग शाळातपासनीस आले — गावात त्यांना डिपोटी म्हणत. खोलीत ते, जनाचा बाप, चुलता, वामनराव आणि मी. चुलता तावातावाने बोलला. वामनराव शांत होते. ते म्हणाले, "साहेब, बाई तिथेच होत्या. त्यांनाच विचारा." किती सहज म्हणाले! माझ्याकडे बघितलंही नाही, इतकी त्यांना खात्री होती.

साहेब माझ्याकडे वळले. "काय बाई, काय पाहिलंत?"

डोंबिवलीला बदली मागणारा माझा अर्ज त्याच साहेबांकडे होता. घरून बजावलेलं होतं, गावच्या भानगडीत पडू नकोस. आणि तो शेतातला दिवस — तोही आठवला, खोटं कशाला बोलू?

"माझं लक्ष नव्हतं साहेब," मी म्हणाले. "मी वह्या तपासत होते."

लक्ष होतं. मी सगळं पाहत होते. वही केव्हाची मिटून ठेवली होती, कारण मलाही विणायला शिकायचं होतं आणि त्यांना विचारायची लाज वाटत होती. त्यांचा हात तिच्या मुठीवर किती वेळ होता, कसा होता, हे माझ्याइतकं नीट कुणीच पाहिलं नव्हतं.

वामनराव सदऱ्याच्या बाहीला चिकटलेला कापूस वेचत बसले.

त्यांना शहापूरच्या पलीकडे कुठेतरी पाठवलं. काही महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली असं ऐकलं, पुढे काहीच ऐकलं नाही. माग मोडून चुलीत गेला. वरच्या वर्गातल्या मुली एकेक करून घरी बसल्या. माझी बदली झाली.

बऱ्याच वर्षांनी कल्याणच्या बाजारात भाजीवालीने हाक मारली, "बाय!" जना होती. कडेवर मूल, समोर भेंडीची टोपली. बरं वाटलं तिला मला बघून. इकडचं तिकडचं बोलली, आणि मग अगदी सहज म्हणाली, "बापूस तवा लय मारायचा, खरा सांग म्हनून. मी सांगत व्हती, बायना इचारा, बाय खोलीनच व्हत्या." मग तिने विचारलं, "तुमाना कोनी इचारला का वो?"

"नाही गं," मी म्हणाले. "मला कुणी काही विचारलंच नाही."

ती हसली. "मना वाटलाच. नाय तं तुम्ही सांगितलाच असता."

तिने भेंडीची आणखी एक मूठ माझ्या पिशवीत टाकली. मी ती घेतली आणि घरी आले.