झाकून ठेवते

आमच्या इमारतीत शुक्रवार उजाडला की लिफ्टमध्ये एक प्रश्न हमखास कानावर येतो. "मग, वीकेंडला काय प्लॅन?" विचारणारी बहुतेक वेळा तिसऱ्या मजल्यावरची बाई असते. ती मनानं चांगली आहे, पण तो प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. मी म्हणते, "बघू, अजून ठरलं नाही." लग्नाला एवढी वर्षं झाली, आमचं अजून ठरतंच आहे.

आमच्या घरात वीकेंड कधी नव्हताच. माझी सुट्टी रविवारची, नवऱ्याची गुरुवारची. मी बारामतीत एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला आहे. ते लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर आहेत. कंपनीची बस त्यांना भिगवण रस्त्यावरून नेते आणि तिथंच आणून सोडते. लग्न ठरताना सासरच्यांनी पत्रिका पाहिली, माझा रंग पाहिला, आमच्या लोकांनी त्यांची जमीन पाहिली. दोघांची सुट्टी कुठल्या वारी असते हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

मलाही वाटलं नाही, कारण मी वाढले वालचंदनगरला, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. तिथं सुट्टी एकट्या माणसाची नसायची, अख्ख्या कॉलनीची असायची. त्या दिवशी लायनीतले सगळे बाप एकदम घरी. नळाखाली सायकली धुतल्या जायच्या, पोरांना धरून केस कापायला बसवलं जायचं आणि दुपारी सगळ्या घरांतून एकाच सुमाराला मटण शिजल्याचा वास यायचा. जेवणं झाली की माझे आईवडील दारातल्या पायरीवर बसून शेंगा फोडायचे. फार काही बोलायचे नाहीत. संसार म्हणजे हे, आणि ते आपोआप मिळतं, अशी माझी समजूत होती.

लग्नानंतरचं पहिलं बिऱ्हाड कसब्यात केलं, कऱ्हा नदीपासून दोन गल्ल्या सोडून. तिथला रविवार सकाळीच सुरू व्हायचा आणि दुपारी संपायचा. मटणाच्या दुकानासमोर पातेली घेऊन उभी असलेली माणसं, काठावर वाळत घातलेल्या गोधड्या, एकमेकींच्या दारात बसून तांदूळ निवडणाऱ्या बायका. मी त्यांच्यात बसायचे. नवरा सकाळच्या अंधारात कंपनीच्या बसनं गेलेला असायचा. "तुझ्या मालकाला सुट्टी न्हाय व्हय गं?" असं दर रविवारी कुणीतरी विचारायचंच, आणि मी दर रविवारी तेच उत्तर द्यायचे. त्यांची सुट्टी गुरुवारी, आणि गुरुवार म्हणजे बारामतीचा बाजार. आसपासच्या गावांची माणसं शहरात उतरायची. गल्लीतून हातगाड्या, टेम्पो, शेळ्या, सगळं जायचं. हे बिचारे आठवड्याची झोप काढायला पडायचे आणि खिडकीखाली कोथिंबीरवाला ओरडत असायचा.

मग आम्ही बारामतीच्या एमआयडीसीच्या बाजूला राहायला गेलो. निदान त्यांना तरी शांतता मिळावी म्हणून. ती वस्ती कामगारांची, आणि तिथला रविवार गुरुवारी यायचा. गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसातून परत येताना बघायचे, दारोदार नवरा-बायको खुर्च्या टाकून बसलेले असायचे. कुणी पोराला गाडीवरून फिरवतंय, कुणी बायकोच्या हातातली पिशवी घेऊन चाललाय. आमचे हे एकटेच दारात बसलेले असायचे, पाण्याची बाटली शेजारी ठेवून. माझ्या रविवारी मात्र ती गल्ली मेल्यासारखी असायची. पुरुष कामावर, बायका दार लावून झोपलेल्या. मी टीव्ही लावायची आणि बघायची नाही.

आता भिगवण रस्त्याला फ्लॅट आहे. ही बाजू म्हणजे डॉक्टर, प्राध्यापक, बँकवाले यांचं बारामती. इथं शनिवारी दुपारपासूनच गाड्या पुसल्या जातात. रविवारी उजनीच्या पाण्यावर पक्षी बघायला जायचं, येताना भिगवणला मासे खाऊन यायचं, नाहीतर मुलांना घेऊन एखाद्या हॉटेलात. गुरुवारी या इमारतीत माझा नवरा आणि वॉचमन हे दोनच पुरुष असायचे. तीन वस्त्या बदलल्या, आणि प्रत्येक ठिकाणी आमच्यापैकी एक जण चुकीच्या दिवशी मोकळा होता.

घरात आम्ही एकत्र असायचो, नाही असं नाही. पण दोघांपैकी एक नेहमी घाईत असायचा, नाहीतर झोपेत. ते पहिल्या पाळीला असले की संध्याकाळी जेवून आडवे. दुसऱ्या पाळीला असले की मी झोपल्यावर येणार. त्यातून त्यांचा दत्ताचा गुरुवार, सासूबाईंनी लहानपणी लावून दिलेला. म्हणजे त्यांच्या सुट्टीच्या दिवशी मटण नाही, आणि मटणाच्या दिवशी ते नाहीत. हे मी एकदा हसत हसत म्हटलं होतं, तर ते म्हणाले, "देवानं वार वाटताना आपल्याला इचारलं न्हाय." तेव्हा आम्ही दोघंही खूप हसलो होतो. आता ते आठवलं की वाईट वाटतं.

मग आमची एक पद्धत पडली. कुणी ठरवली नाही. जो घरी असेल त्यानं दुसऱ्यासाठी ओट्यावर झाकून ठेवायचं. रविवारी मी मटण करायची, त्यांच्या वाटणीचं वाडग्यात काढून त्यावर ताटली झाकायची, भाकरी फडक्यात. गुरुवारी ते साबुदाण्याची खिचडी करायचे, आणि माझ्यासाठी तशीच झाकलेली ठेवायचे, वर दाण्याचं कूट जरा जास्त, कारण मला आवडतं. खाणाऱ्यानं खाऊन झालं की ताट घासून तिथंच पालथं घालायचं. पालथं ताट दिसलं की समजायचं, जेवण झालंय. राग असला तर ताट न घासताच बेसिनमध्ये असायचं. एकदा माझ्या वडिलांचं दुखणं वाढलं आणि मी दवाखान्यात राहिले, तर घरी आल्यावर चार भांडी झाकलेली होती. दोन दिवसांतल्या प्रत्येक जेवणाचं त्यांनी ठेवलं होतं, मी कधी येईन हे माहीत नसताना. त्या दिवशी मी ओट्यापाशी उभी राहून रडले. नवऱ्यानं कधी प्रेमाचा शब्द काढला नाही, पण मला तशी गरज वाटली नव्हती.

आमची मुलगी यातच वाढली. रविवारी ती माझ्याबरोबर, गुरुवारी शाळेतून आली की त्यांच्याबरोबर. लहान असताना तिनं एकदा विचारलं होतं, "मम्मी, रविवार तुझा, गुरुवार पप्पांचा, मग आपला कुठला?" मी सांगितलं होतं, तू मोठी झालीस की पप्पांची कंपनी सुट्टी बदलणार आहे. मुलं मोठी होतात. ती आता पुण्यात नोकरी करते, तिला शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी असते, आणि ती दोन्ही दिवस झोपते.

मी मात्र त्या बदलाची खरंच वाट बघत होते. नदीकाठी आता बाकं टाकलीत, दिवे लावलेत. रविवारी संध्याकाळी तिथं कसब्यातली माणसं येतात, एमआयडीसीकडची येतात, आमच्या रस्त्यावरची गाडी लावून येतात. शहरातल्या सगळ्या वस्त्या मी फक्त तिथंच एकत्र बसलेल्या पाहिल्यात. मला तेवढंच हवं होतं. रविवारी दुपारी दोघांनी एका वेळी ताटावर बसायचं आणि संध्याकाळी त्या बाकावर. त्यापलीकडे मी देवाकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही.

आणि ते झालं. मागच्या वर्षी एका संध्याकाळी हे बूट काढता काढता म्हणाले, "नोटीस लागलीया. पुढच्या महिन्यापास्नं आमची सुट्टी रविवारची."

"खरंच?"

"बोर्डावर लावलंय की."

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. मैत्रिणींनी विचारलं कशाचे, तर मी सांगितलं, नवऱ्याला रविवार मिळाला. त्या हसल्या. त्यांना तो लग्नातच मिळाला होता.

पहिल्या रविवारी मी उठले तर हे आधीच आंघोळ करून बसले होते. कुठं जायचं नसताना पँट-शर्ट घालून. मी चहा टाकायला गेले, तर ओट्यावर कप झाकलेला. त्यांनी गुरुवारच्या सवयीनं स्वतःचा करून घेऊन माझा झाकून ठेवला होता. मी बाहेर येऊन म्हटलं, "अहो, मी घरातच हाय की आज."

"व्हय की," ते म्हणाले आणि ओशाळले.

मग दिवसभर आम्ही एकमेकांच्या पायात येत राहिलो. त्यांनी गॅलरी झाडायला घेतली, ती मी आदल्या दिवशीच धुतली होती. चहापत्तीचा डबा ते वरच्या फळीवर ठेवतात आणि मी खालच्या, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे इतकी वर्षं दर गुरुवारी तो डबा वर जात होता आणि मी सवयीनं, लक्षही न देता खाली आणत होते. मटण झालं. मी दोघांची ताटं शेजारी मांडली. ते खाली मान घालून भराभर जेवले, पाळी गाठायची असल्यासारखे, आणि माझा दुसरा घास व्हायच्या आत उठले. मग लक्षात आलं तसे परत येऊन बसले. रिकाम्या ताटासमोर. ते बघवत नव्हतं.

संध्याकाळी नदीवर गेलो. बाक मिळालं. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं मोठ्यानं भांडत होतं, कुठल्याशा भाच्याच्या लग्नावरून. मला त्यांचा हेवा वाटला. आम्हाला भांडायलाही काही नव्हतं. भांडायला सुद्धा एकत्र काहीतरी घडलेलं असावं लागतं.

"पाणी न्हाय नदीला," हे म्हणाले.

"न्हाय," मी म्हटलं.

खूप वेळानं त्यांनी विचारलं, "तू दर रविवारी हितंच येती का?" माझा रविवार कसा जातो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मीही त्यांना विचारलं, गुरुवारी काय करता. ते म्हणाले, "काय न्हाय. बाजारात जरा फिरायचं. ओळखीची माणसं येत्यात गावाकडची. निमगावची, तिकडची. च्या घ्यायचा." हे बोलताना त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, आणि मग त्यांना आठवलं की आता गुरुवारी ते कारखान्यात असणार. मला माझा दिवस देताना कंपनीनं त्यांचा दिवस काढून घेतला होता, आणि हे मी पेढे वाटताना एकदाही मनात आणलं नव्हतं.

वाटलं, सवय होईल. सगळ्यांना होते. चार-दोन रविवार तसेच गेले. आम्ही नदीवर जायचो, बसायचो, यायचो. मग एका रविवारी त्यांचे पाय दुखत होते, एका रविवारी माझं डोकं. इमारतीतल्या गाड्या उजनीकडे निघायच्या आणि आम्ही दोन खोल्यांत दोन पंखे लावून पडून असायचो. माझ्या आईवडिलांचं ते पायरीवर गप्प बसणं मला आठवायचं. ते वेगळं होतं. त्यांचं बोलून झालेलं होतं.

एका रविवारी दुपारी मी स्वयंपाक उरकला, त्यांचं वाढलं, आणि काही विचार न करता ताटावर ताट झाकून गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले. ते आत पेपर वाचत होते. हाक मारायची राहूनच गेली. कपडे वाळत घालून झाल्यावर मी तिथंच बसून राहिले, बराच वेळ. परत आत आले तर ओट्यावर त्यांचं ताट घासून पालथं घातलेलं. शेजारी माझं वाढून झाकलेलं, वर लिंबाची फोड. ते खोलीत जाऊन झोपले होते.

मी झाकण काढलं. भाकरी अजून कोमट होती. दोघांच्या सगळ्या रविवारांत पहिल्यांदा मला पोटभर जेवण गेलं. मी ताट घासलं आणि त्यांच्या ताटाशेजारी पालथं घातलं.

त्याच आठवड्यात ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी कणीक मळत होते.

"रविवारी मेंटेनन्सला माणसं लागत्यात," ते म्हणाले. "साहेब इचारत हुता. बदली सुट्टी गुरुवारी देतो म्हनला. जाऊ का?"

ते तिथंच थांबले. चौकटीला हात लावून, माझ्याकडे बघत. मी नको म्हणावं म्हणून थांबले होते की हो म्हणावं म्हणून, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. ते ओळखायला जेवढं एकत्र राहावं लागतं तेवढे आम्ही राहिलोच नव्हतो. मी त्यांच्याकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. तरी कळलं नाही.

"जावा," मी म्हटलं. "मी झाकून ठेवते."